घरातली युद्धपदके आणि स्मारकावरचे नाव: कामाचा क्रम चुकवू नका

माझे मोठे काका डिसेंबर १९७१ मध्ये पश्चिम आघाडीवर लढताना गेले. सेकंड लेफ्टनंट होते, वय २३. आजीने त्यांची पदके स्टीलच्या डब्यात घालून देव्हाऱ्याखाली ठेवली होती. दर दसऱ्याला शस्त्रपूजेबरोबर ती बाहेर निघत. चिंचेच्या कोळाने घासायची, पदराने पुसायची, हळद-कुंकू वाहायचे. असे ३० वर्षे चालले. आज त्यातल्या एका पदकाच्या कडेवरून बोट फिरवले तर नुसते गुळगुळीत लागते. तिथे काकांचा क्रमांक आणि नाव होते. पुढे गावच्या शाळेत फलक लागला. त्यावर ‘शहिद’ असे ऱ्हस्व कोरले गेले आणि तारीख पडली ती युद्ध संपल्याची, काका गेल्याची नव्हे.

माया कुणाचीच कमी नव्हती. क्रम उलटा झाला, एवढेच. आधी घासले, मग फ्रेम केली, मग दगड कोरला आणि कागद सगळ्यात शेवटी शोधले. नंतर ओळखीच्या अनेक घरांत हेच घडताना पाहिले, म्हणून हा क्रम सविस्तर लिहीत आहे. उदाहरणे मुख्यतः १९७१ च्या तरुण अधिकाऱ्याची आहेत. पण १९४७-४८, १९६२, १९६५, १९९९ किंवा दोन्ही महायुद्धांतल्या पूर्वजांसाठीही पायऱ्या याच.

तयारी

एक अख्खी दुपार मोकळी ठेवा. टेबलावर पांढरी, धुतलेली सुती चादर चौघडी करून पसरा. पदक हातातून निसटले तर फरशीवर पडू नये म्हणून ती हवीच. नायट्राइलचे पातळ हातमोजे (औषधाच्या दुकानात मिळतात), भिंग, मोबाइल, फूटपट्टी, मऊ ब्रश, जाड वही आणि पेन्सिल जवळ ठेवा. शाईचे पेन त्या टेबलावर नकोच.

घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला शेजारी बसवा आणि फोनवर रेकॉर्डिंग सुरू ठेवा. पदके समोर मांडली की आठवणी आपोआप निघतात आणि त्यात पलटणीचे, गावाचे, सोबत्याचे नाव सहज येऊन जाते. माझ्या आत्याने तीस वर्षांत कधी न सांगितलेली गोष्ट त्या दुपारी सांगितली: काकांचा ट्रंक घरी आला तेव्हा त्यात अर्धे लिहिलेले पत्र होते. ते पत्र आम्हाला नंतर तिच्याच कपाटात सापडले.

टप्पा १: हलवण्याआधी फोटो

डबा उघडला की आहे त्या स्थितीत वरून एक फोटो घ्या. कोणते पदक कुणाशेजारी होते, कोणती फीत कशाला लावली होती, कोणत्या पाकिटात काय होते, हाही पुरावाच असतो. नंतर एकेक पदक: पुढून, मागून, कडेने. प्रत्येक फोटोत फूटपट्टी ठेवा.

कडेचा फोटो दिव्याखाली सरळ धरून कधीच नीट येत नाही. खोलीत अंधार करा आणि टॉर्च बाजूने, जवळजवळ टेबलाला टेकवून धरा. तिरप्या उजेडात झिजलेल्या अक्षरांच्या सावल्या उठतात. पदक थोडे थोडे फिरवत सात-आठ फोटो काढा. काकांच्या त्या गुळगुळीत पदकावरही अशा उजेडात शेवटचे दोन आकडे दिसले.

सावधान: अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यात खडू, पावडर किंवा शाई भरू नका. ती पुन्हा निघत नाही.

टप्पा २: कडेवरचा मजकूर वाचा

गोल पदकावर मानकऱ्याचे नाव कडेवर असते, ताऱ्याच्या आकाराच्या पदकावर मागच्या सपाट बाजूला. जसे दिसते तसेच अक्षर न् अक्षर वहीत उतरवा. आडनावाचे स्पेलिंग चुकलेले वाटले तरी दुरुस्त करून लिहू नका. नोंदींतही बहुधा तीच चूक असते आणि शोधताना तीच कामाला येते.

क्रमांकाच्या आधीची अक्षरे महत्त्वाची आहेत. ‘आयसी’ म्हणजे कायम कमिशन (अधिकारी म्हणून नेमणूक) घेतलेला अधिकारी, ‘एसएस’ म्हणजे शॉर्ट सर्व्हिस, ठरावीक वर्षांचे कमिशन, ‘ईसी’ म्हणजे १९६२ नंतरच्या तातडीच्या भरतीतले इमर्जन्सी कमिशन आणि ‘जेसी’ म्हणजे नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर. पुण्यात जन्मलेले आणि वयाच्या २१ व्या वर्षी १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत धारातीर्थी पडलेले परमवीर चक्राचे मानकरी सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा क्रमांक आयसी-२५०६७ असा लिहिला जातो. अक्षरे आणि आकडे मिळूनच क्रमांक पुरा होतो. पत्रव्यवहारात अक्षरे गाळली की कागद भलत्याच टेबलावर जातो.

हुद्द्याचा घोळ सगळ्यांत जास्त. ‘आजोबा ऑफिसर होते’ असे घरात सांगितले जाते आणि पदकावर ‘जमादार’ निघतो. यात खोटे काही नाही. १९४७ पूर्वीच्या हिंदी सैन्यात जमादार, सुभेदार हे व्हाइसरॉयचे कमिशन घेतलेले अधिकारीच होते. पण लेफ्टनंट-कॅप्टन यांच्या नोंदी वेगळ्या आणि यांच्या वेगळ्या. उलट बाजूने, सेकंड लेफ्टनंट हा हुद्दा आता वापरात नाही म्हणून फलकावर ‘लेफ्टनंट’ करून टाकणारेही भेटतात. तसे करू नका. माणूस ज्या हुद्द्यावर गेला तोच त्याचा हुद्दा.

पहिल्या महायुद्धातल्या पदकांवर मराठा पलटणींचे क्रमांक १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ असे मोठे दिसतात. १९२२ च्या फेररचनेत हे क्रमांक बदलले. त्यामुळे आजच्या पलटणींच्या यादीत ते शोधून सापडणार नाहीत.

तपासा: क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण. या चारांपैकी किमान तीन गोष्टी एकाहून अधिक पदकांवर सारख्या दिसायला हव्यात. एखाद्या पदकावर दुसऱ्याचेच नाव असेल तर ते बाजूला काढा. सोबत्याचे, चुलत्याचे किंवा बाजारातून आणलेलेही असू शकते.

टप्पा ३: ताळा जुळवा

हा टप्पा लोक गाळतात. मग फ्रेमवाल्याच्या सांगण्यावरून किंवा जोड शोभावा म्हणून न मिळालेली पदकेही काचेत जाऊन बसतात.

अधिकाऱ्याच्या कमिशनची आणि मृत्यूची तारीख कागदावर लिहा. या दोन तारखांच्या बाहेरच्या सेवेचे पदक त्याचे असू शकत नाही. समजा, तो जून १९७१ मध्ये दाखल झाला आणि डिसेंबर १९७१ मध्ये गेला. पश्चिम आघाडीवर लढला असेल तर पश्चिमी स्टार, पूर्वेला असेल तर पूर्वी स्टार आणि जोडीला संग्राम मेडल. वीरतेसाठी गौरव झाला असेल तर ते पदक वेगळे. १९६५ चा समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल त्याला लागू नाहीत. स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्षाचे पदक १५ ऑगस्ट १९७२ रोजी सेवेत असलेल्यांसाठी होते, म्हणजे तेही नाही. आमच्या फ्रेममध्ये हे शेवटचे पदक २० वर्षे काकांच्या नावाने मिरवत होते. ते माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाचे निघाले. तोही फौजेत होता.

इतर युद्धांसाठी थोडक्यात: १९४७-४८ साठी जनरल सर्व्हिस मेडल १९४७ आणि त्यावर जम्मू-काश्मीरची पट्टी. १९९९ साठी ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय मेडल. पहिल्या महायुद्धासाठी १९१४ किंवा १९१४-१५ चा स्टार, ब्रिटिश वॉर मेडल आणि इंद्रधनुषी फितीचे व्हिक्टरी मेडल. मृताच्या घरी याशिवाय सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची काशाची गोल तबकडी येत असे. तिच्यावर नाव उठावाने ओतलेले असते, हुद्दा नसतो. कोकणातल्या एका घरात ती पाण्याच्या माठावर झाकण म्हणून वापरात होती. तुमच्याकडे अशी जड, काळपट तबकडी असेल तर आजच बाजूला काढा. दुसऱ्या महायुद्धासाठी १९३९-४५ चा स्टार, आघाडीनुसार बर्मा, आफ्रिका किंवा इटली स्टार, वॉर मेडल आणि इंडिया सर्व्हिस मेडल.

ताळ्यात बसते पण घरात नाही, असे पदक निघाले तर तीही नोंद करा. वीरतेचे पदक समारंभात हातात मिळते, पण युद्धात सहभागाची पदके नंतर येतात आणि अनेक घरांत ती पोचलेलीच नसतात.

टप्पा ४: कागद

आता अर्ज. आधी नाही, कारण क्रमांक आणि पलटण हाती नसताना लिहिलेल्या पत्राला उत्तर येत नाही.

अधिकाऱ्यांच्या सेवेच्या नोंदी दिल्लीत लष्कराच्या मुख्यालयाकडे असतात. जवान आणि जेसीओंच्या (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) नोंदी त्या त्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात: मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावला, महार रेजिमेंटच्या सागरला, बॉम्बे सॅपर्सच्या खडकीला, तोफखान्याच्या नाशिक रोडला आणि चिलखती दलाच्या अहिल्यानगरला, म्हणजे जुन्या अहमदनगरला. पहिली पायरी मात्र जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचीच ठेवा. पत्र कोणाच्या नावे, कोणत्या नमुन्यात पाठवायचे हे तिथे सांगतात, आणि त्यांच्या आवक-जावक क्रमांकासह गेलेला कागद हरवत नाही.

अर्जात ‘शहीद’ शब्दावर भर देऊ नका. घरात, गावात आपण हुतात्मा म्हणतो, म्हणत राहू. पण सैन्याच्या नोंदीत तो शब्द नाही, तिथे ‘बॅटल कॅज्युअल्टी’ (लढाईत मृत, जखमी किंवा बेपत्ता) असते. मागणी स्पष्ट लिहा: मृत्यूची तारीख, ठिकाण आणि प्रकार दाखवणारी नोंद, मिळालेल्या पदकांची यादी आणि गौरव झाला असल्यास त्याचे प्रशस्तिपत्र. एका अर्जात एवढेच. निवृत्तिवेतनाची किंवा जमिनीची मागणी त्यातच घातली की फाइल दुसरीकडे वळते.

वीरता पदकाची अधिसूचना भारताच्या राजपत्रात राष्ट्रपती सचिवालयाच्या नावे निघते. संरक्षण मंत्रालयाच्या वीरता पुरस्कारांच्या संकेतस्थळावरही नावाने शोधता येते. प्रशस्तिपत्रातली तारीख आणि जागा पुढे फलकासाठी लागणार आहे, म्हणून त्याची छापील प्रत फाइलला लावा.

पदक हरवले असेल तर पोलिसांत तक्रार आणि प्रतिज्ञापत्र आधी, बदली प्रतीचा अर्ज नंतर.

सावधान: मूळ तार, मूळ पत्र, मूळ प्रशस्तिपत्र टपालाने पाठवू नका. साक्षांकित प्रत द्या. आणि कोणताही जुना कागद लॅमिनेट करू नका. उष्णतेने चिकटलेले प्लॅस्टिक कागद फाडल्याशिवाय निघत नाही.

टप्पा ५: स्वच्छता, म्हणजे बहुधा काहीच न करणे

परमवीर चक्र काशाचे असते. महावीर चक्र, वीर चक्र आणि सेना मेडल चांदीची. युद्धसेवेची गोल पदके बहुतेक तांबे-निकेलच्या मिश्रधातूची. चांदीवरची काळपट छटा म्हणजे हवेतल्या गंधकाशी झालेला तिचा संयोग. त्याने पदक खराब होत नाही. घासल्याने मात्र दरवेळी धातूचा थर जातो आणि सगळ्यांत आधी कडेवरचे नाव जाते. चिंच, लिंबू, रांगोळी, राख, भांड्यांची पावडर, टूथपेस्ट यातले काहीही नको. सोनाराकडून ‘पॉलिश’ तर मुळीच नको.

मऊ ब्रशने धूळ झटका आणि थांबा. हातमोजे घातले नसतील तर फक्त कडेने धरा. घामातल्या मिठाचे ठसे महिन्याभरात धातूवर उमटतात.

एक अपवाद ओळखायला शिका. पितळ, काशाच्या पदकावर गुळगुळीत तपकिरी किंवा गडद हिरवी छटा असेल तर काळजी नाही. पण फिकट हिरवे, पिठासारखे ठिपके दिसले आणि ते झटकल्यावर खाली खड्डा असेल, तर तो क्षारांचा रोग आहे आणि पसरतो. ते पदक वेगळ्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा आणि संग्रहालयातल्या जतनतज्ज्ञाला दाखवा.

फितीला पाणी लावू नका, इस्त्री करू नका. रंग एकमेकांत उतरतात. जीर्ण झाली असेल तर नवी लावा, पण जुनी फेकू नका. पाकिटात घालून त्याच पदकाजवळ ठेवा.

हळद-कुंकवाबद्दल घरात नाजूकपणे बोलावे लागते. हळदीचा डाग फितीवरून कधीच जात नाही. आम्ही आजीला विनवले की हळद-कुंकू तसबिरीच्या चौकटीला वाहू, पदकांसमोर फक्त फूल ठेवू. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच झेंडूऐवजी मोगऱ्याचे फूल काढून ठेवले, पदकापासून वीतभर लांब.

टप्पा ६: ठेवण आणि मांडणी

रोजची ठेवण: प्रत्येक पदक आम्लरहित टिश्यू कागदात, मग वेगळ्या छोट्या डब्यात. वर्तमानपत्र, लोकर, रबरबँड आणि नाण्यांच्या अल्बमसारखे मऊ, वास येणारे प्लॅस्टिक टाळा. डांबराच्या गोळ्या आणि कापूर नको. लाकडी कपाटापेक्षा स्टीलचे कपाट बरे. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या बदला.

भिंतीवर मांडायचेच असेल तर थेट ऊन पडत नाही अशी जागा निवडा, स्वयंपाकघराची भिंत नको आणि देवघरातल्या समईजवळही नको. काच आणि पदक यांच्यात अंतर हवे. पदके डिंकाने किंवा दुतर्फी टेपने चिकटवू देऊ नका. फितीतून सुती दोऱ्याचे टाके घालून ती मागच्या कापडाला बसवतात. फ्रेमवाला ‘फेव्हिकॉल लावून देतो’ म्हणाला तर पदके उचला आणि घरी या.

क्रम असा: छातीवर लावताना सर्वोच्च पदक शरीराच्या मध्याकडे येते, म्हणजे पाहणाऱ्याला ते डावीकडे दिसते. आधी वीरता पदके, मग युद्धाचे स्टार, मग मेडल. वरच्या उदाहरणात सेना मेडल, पश्चिमी स्टार, संग्राम मेडल. स्मृतिदिनाला किंवा युद्धस्मारकावर मानवंदनेच्या वेळी घरच्यांनी ही पदके लावली तर उजव्या छातीवर लावावीत. डावी बाजू ज्याने ती मिळवली त्याची.

टप्पा ७: नाव आधीच कुठे कोरलेले आहे?

नवा फलक करण्याआधी जुनी नावे शोधा. स्वातंत्र्यानंतरच्या युद्धांसाठी पहिली जागा दिल्लीचे राष्ट्रीय समर स्मारक, २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुले झालेले. तिथल्या त्याग चक्राच्या ग्रॅनाइटच्या भिंतींवर २५ हजारांहून अधिक नावे आहेत. पुण्यात घोरपडीला दक्षिण कमांडचे युद्धस्मारक आहे. अधिकारी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत शिकलेला असेल तर खडकवासल्याचे ‘हट ऑफ रिमेम्ब्रन्स’ पाहा. शिवाय रेजिमेंटल सेंटर, शाळा, कॉलेज, जिल्ह्याच्या ठिकाणचा स्तंभ. १९६२ मध्ये पूर्वेकडे लढताना गेलेल्यांसाठी तवांगचे स्मारकही पाहा.

१९७१ पर्यंतच्या युद्धांत अंत्यसंस्कार बहुधा रणभूमीजवळच होत. पार्थिव घरी आणण्याची पद्धत कारगिलपासून रुळली. त्यामुळे १९६५ किंवा १९७१ च्या अधिकाऱ्याची ‘समाधी कुठे आहे’ हा शोध अनेकदा कोरडा जातो. स्मारकावरचे नाव हीच ती जागा.

महायुद्धांतल्या मृतांसाठी राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाची यादी पाहा. ती ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातल्या मृत्यूंची आहे. शोधताना आडनाव टाकू नका, अनेकांचे नुसते पहिले नाव आहे. वडिलांचे नाव आणि गाव शेरा म्हणून येते, तेही जुन्या इंग्रजी स्पेलिंगने. पुणे, कुलाबा (आजचा रायगड), रत्नागिरी हे जिल्हे तशाच स्पेलिंगने शोधा. मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) मृत्यू आलेल्यांची नावे बहुधा बसऱ्याच्या स्मारकाखाली निघतात. तिथल्या दगडावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, शिपायांचा मात्र पलटणीवार नुसता आकडा. मला ही गोष्ट अजून बोचते. तुमचे पणजोबा शिपाई असतील तर त्यांचे नाव दगडावर न दिसण्याचे कारण हे आहे, ते तिथे नव्हते असे नाही.

तपासा: सापडलेल्या प्रत्येक जागी नाव, हुद्दा, पलटण, तारीख कशी लिहिली आहे याचा फोटो घ्या. तफावत असेल तर टप्पा ४ मधला कागद प्रमाण धरा आणि दुरुस्तीचा अर्ज त्याच कागदाच्या प्रतीसह करा.

टप्पा ८: नवा फलक

जागा आधी पक्की करा. शाळेत असेल तर व्यवस्थापनाचे लेखी पत्र, गावच्या जागेत असेल तर ग्रामसभेचा ठराव आणि जागेचा उतारा. पुतळा बसवायचा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय चौथऱ्याचा खर्चही करू नका. तोंडी ‘हो’वर बांधलेला चौथरा रस्ता रुंदीकरणात गेलेला मी पाहिला आहे.

मजकूर कमी ठेवा: हुद्दा, पूर्ण नाव, मिळालेले पदक आणि कंसात ‘मरणोत्तर’, क्रमांक, पलटण, जन्मतारीख, वीरमरणाची तारीख आणि ठिकाण. उद्घाटन करणाऱ्या पाहुण्यांची यादी त्याच दगडावर नको. द्यायचीच तर खाली वेगळी छोटी पट्टी. जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावरची की घरातली, हे भावंडांत आधीच ठरवा.

मग शुद्धलेखन. ‘वीर’ दीर्घ, ‘शहीद’ दीर्घ, ‘हुतात्मा’ ऱ्हस्व हु. ‘विरचक्र’ कोरलेले दगड मी तीन तालुक्यांत पाहिले आहेत. कारागिराला मजकूर फोनवर सांगू नका, हाताने लिहूनही देऊ नका. टाइप करून प्रत्यक्ष मापाचा कागदी छाप काढा आणि तो तीन माणसांना वेगवेगळा वाचायला द्या. त्यातला एक घराबाहेरचा हवा, कारण घरच्यांना नाव पाठ असते आणि डोळा चुकीवरून घसरतो. तिघांची सही घ्या. दगडावर खुणा उमटवल्यावर, छिन्नी लागण्याआधी, स्वतः जाऊन पुन्हा वाचा. जोडाक्षरे आणि रफार यांवर बोट ठेवून वाचा.

आमचा दगड बदलला तेव्हा कारागिराने ‘लेफ्टनंट’मधला फ अर्धा करायचा ठेवला होता. खडूच्या खुणेतच आत्याला तो दिसला. तिने ओल्या फडक्याने ते एक अक्षर पुसले आणि कारागिराने तिच्यासमोर पुन्हा काढले. जुना दगड आम्ही फोडला नाही, शाळेच्या वाचनालयात उलटा ठेवला आहे. नव्या दगडाचा फोटो, पदकांचे फोटो, कागदांच्या प्रती आणि आत्याच्या आवाजातले रेकॉर्डिंग यांची एक फाइल घरी आहे आणि दुसरी तिथल्याच कपाटात.